उद्या उपास धरा

आमच्या भागातल्या दवाखान्यांत मला नावानं फारसं कोणी ओळखत नाही. फोन येतो तो असा: "बदली सिस्टर का? उद्यापासून तीन दिवस जमते का?" बदली म्हणजे दुसऱ्याच्या जागी उभी राहणारी. एखाद्या कायमच्या सिस्टरची नणंद बाळंत झाली, कोणाच्या भावाचं लग्न निघालं, कोणी तापानं फणफणलं, की माझा फोन वाजतो. मीही एकेकाळी कायमचीच होते. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा नोकरी सोडली. चार वर्षं त्यांचं सगळं केलं. त्या गेल्यावर चौकशीला गेले तर माझ्या खुर्चीत दुसरीच बसलेली. रडत बसायचा माझा स्वभाव नाही. बुलडाणा, चिखली, देऊळगाव राजा, जिथं म्हणून ओळख होती तिथं सांगून ठेवलं की कधी अडलं तर बोलवा. तेव्हापासून कोणाचं ना कोणाचं अडतंच आहे.

दाराच्या मागं पिशवी भरलेलीच असते. ऍप्रन, आवाज न करणाऱ्या चपला, डब्यासाठी जागा आणि दोन पेनं. एक लिहायला, एक चोरीला जायला. फोन आला की धाड गावाच्या फाट्यावर उभं राहायचं आणि आधी एसटी येते की जीप ते पाहायचं. जीपवाले मला ओळखतात. पुढची सीट देतात आणि तासभर आपलं बीपी सांगतात.

बदलीच्या माणसाला पहिल्या तासातच सगळं हेरावं लागतं. कात्री कोणत्या खणात, सलाईनचा कोणता स्टँड डुगडुगतो, कोणती आया चहा पाजते आणि कोणती कान भरते. त्यात काही बिघडलं की सगळे एकसुरात म्हणतात, ती बदलीवाली होती ना. म्हणून मी दुप्पट काळजी घेते आणि दुप्पट तोंडही चालवते. एका गोष्टीचा मात्र मला फार ताठा होता. पेशंटशी त्याच्या बोलीत बोलावं ते मीच, असं मला वाटायचं. आताच्या पोरी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटला सांगतात, "मावशी, तुम्ही उद्या एनबीएम." मावशी मान हलवतात आणि पोरगी गेली की शेजारच्या खाटेला विचारतात, हे काय असते बाई. तोंडानं काही घ्यायचं नाही, एवढं साधं ते. मी हसायचे त्या पोरींना. आता नाही हसत.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. देऊळगाव राजातल्या बायकांच्या एका हॉस्पिटलात बुधवार ते शुक्रवार बोलावलं होतं. दहा खाटांचं हॉस्पिटल. मुक्काम मावसबहिणीकडे, बालाजीच्या देवळामागच्या गल्लीत. डॉक्टर मॅडम कमी बोलणाऱ्या आणि कामाला वाघ. त्यांचा ऑपरेशनचा दिवस गुरुवार, कारण भुलीचे डॉक्टर जालन्याहून गुरुवारीच येत. सकाळी इथलं काम उरकून ते चिखलीला जात आणि संध्याकाळी त्याच रस्त्यानं परत.

त्या गुरुवारी एकच ऑपरेशन होतं. बाई पंचेचाळिशीच्या आतबाहेरची, जवळच्याच खेड्यातली, नवऱ्याबरोबर आलेली. तिचं अंग बाहेर येत होतं. म्हणजे गर्भाशय जागा सोडून खाली सरकून बाहेर येतं. आमच्याकडच्या बायका एवढंही नीट सांगत नाहीत, "अंग येते" म्हणून पुटपुटतात आणि भिंतीकडे पाहतात. हिनं अकरा वर्षं ते सोसलं होतं. तिसऱ्या बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी डोक्यावर पाण्याचे हंडे घेतले आणि तिथून सुरू झालं. याआधी दोनदा ती ऑपरेशनसाठी या दवाखान्याच्या फाटकापर्यंत येऊन परत गेली होती. एकदा सोयाबीन काढणीला आलं म्हणून आणि एकदा भीती वाटली म्हणून. मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सिस्टर, आतमध्ये जखम झाली आहे. ही तिसरी वेळ आहे. या वेळी परत गेली तर पुन्हा येणार नाही. सांभाळा."

मी सांभाळायला बसले. बुधवारी दुपारी खाटेवर तिच्याजवळ बसून सगळं समजावलं. कमरेत इंजेक्शन देतील, पाय जड होतील, दुखणार नाही. शेवटी म्हणाले, "रात्री हलकं जेवा. आणि मग उद्या उपास धरायचा बरं का."

तिचा चेहरा खुलला. "उद्या गुरुवारच हाय. शेगावच्या महाराजाचा माहा उपास असतेच."

"मग तर सोनंच झालं," मी म्हणाले. तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरची सलाईन थांबली म्हणून हाक आली आणि मी उठले. उठताना मनात स्वतःची पाठही थोपटली. हे म्हणजे पेशंटच्या बोलीत बोलणं.

गुरुवारी सकाळी आठला मी हजर. साडेआठला तिला तयार करायला घेतलं. यादी हातात होती, विचारत गेले आणि खुणा करत गेले. साखरेचा आजार? नाही. दम लागतो? नाही. काही खाल्लं? "नाही बाई, उपास हाय ना." खूण केली. गाऊन घातला, केस बांधले, मंगळसूत्र नवऱ्याच्या हातात दिलं. जोडवी काही निघेनात. मी खाली वाकून तिच्या बोटांना साबण लावत होते तेवढ्यात वरून तिला ढेकर आला.

रिकाम्या पोटीही ढेकर येतो, पण तो आंबट असतो. याला जिऱ्याचा आणि शेंगदाण्याच्या कुटाचा वास होता.

माझे हात तिथंच थांबले. "कशाचा ढेकर आला ताई?"

"साबुदाण्याचा असन," ती सहज म्हणाली.

"तुम्ही तर म्हणाल्या, काही खाल्लं नाही."

"खाल्लं कुठं. फराळ केला. यायनं पहाटे घरून उसळ करून आणली, दोन केळंही आणले." नवरा दाराशी उभा होता. त्यानं मान हलवली आणि डबा वर करून दाखवला. बायकोचा उपास आहे म्हणून बिचाऱ्यानं सुनेला चारला उठवून साबुदाण्याची उसळ करून घेतली होती, आणि ती गार होऊ नये म्हणून डबा कपड्यात गुंडाळून मोटरसायकलवर आणला होता. सात वाजता ती पोटभर जेवली होती, म्हणजे पोटभर फराळली होती.

भुलीच्या वेळी पोट भरलेलं असलं आणि ते वर येऊन श्वासात गेलं, तर माणूस टेबलावरच जाऊ शकतो. आणि हे तिला सांगितलं कोणी होतं? मीच. उपास धरा म्हणून.

आता इथं मला माझ्या घरचं सांगायला हवं. आमच्या घरी उपास कोणी करत नाही. आज्याच्या पिढीनं धम्म घेतला तेव्हा उपासतापास सुटले ते सुटले. पण उपास हा शब्द घरात होता. आजी निंदायला जायची, आणि ज्या दिवशी काम मिळायचं नाही, चूल पेटायची नाही, त्या दिवशी ती म्हणायची, "आज उपास घडला." उपास म्हणजे पोटात काही नाही, एवढाच अर्थ माझ्या कानाला माहीत. साबुदाणा, भगर, राजगिऱ्याचे लाडू मला काय माहीत नाहीत? शेजारणींच्या घरी खाल्लेत की ताटंच्या ताटं. पण बोलताना तोंडातून येतो तो लहानपणचा शब्द, आणि तो आपल्याच घरचा अर्थ घेऊन येतो.

खोटं कशाला सांगू, एक क्षणभर वाटलं की गप्प बसावं. खूण तर केलेलीच होती आणि ढेकर फक्त मीच ऐकला होता. सांगितलं तर ऑपरेशन रद्द होणार, ही परत जाणार आणि या हॉस्पिटलचा फोन मला पुन्हा कधी येणार नाही. पण असं गप्प बसून झोप लागली नसती. ओल्या हातांनीच उठले आणि मॅडमच्या खोलीत गेले. भुलीचे डॉक्टरही तिथंच चहा पीत होते.

"मॅडम, पेशंटनं सातला साबुदाणा खाल्ला."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कोणी खाऊ दिलं? तिला काय सांगितलं होतं?"

"मीच सांगितलं होतं. उपास धरा म्हणून."

मॅडमनी कपाळाला हात लावला. भुलीचे डॉक्टर माझ्याकडे पाहत राहिले. मग जरा छद्मीच आवाजात म्हणाले, "सिस्टर, तुमच्याकडे उपासाला काही खात नाहीत का?"

माझ्या डोक्यात सणक गेली. चूक माझी होती हे खरं, पण तो आवाज मला सहन झाला नाही. "नाही सर," मी म्हणाले. "आमच्याकडे उपास धरत नव्हते. घडायचा. घरात दाणा नसला की घडायचा. म्हणून माझ्या तोंडात तो शब्द आला. माझं चुकलं. पण या बाईला आज घरी पाठवू नका. ती परत येणार नाही."

डॉक्टरांनी चहा संपवला, बोटांवर तास मोजले आणि उठता उठता म्हणाले, "चिखलीला दोन केसेस आहेत. परतताना चारला थांबतो. तोवर तिच्या पोटात पाण्याचा थेंब जाता कामा नये. तिला दवाखान्यात ठेवायचं काम तुमचं."

मला हुश्श झालं आणि पुढच्याच मिनिटाला ते विरलं. खाटेपाशी गेले तर ती गाऊनवरूनच लुगडं गुंडाळत होती. आया आधीच सांगून बसली होती, आजचं रद्द झालं म्हणून. नवरा पिशवी भरत होता.

"देवाच्याच मनात नाही बाई," ती म्हणाली. "तीनदा आली, तीनदा आडवं आलं. आता नाही येत मी. राहिले किती दिवस. जातीन असंच."

"देवाचं नाव कायले घेता," मी म्हणाले. "चूक माझी हाय. मी चुकीचं सांगितलं."

ती थांबली. माझ्याकडे असं पाहू लागली की जणू मी काही वेडंवाकडं बोलले. "सिस्टरची चूक?" तिनं नवऱ्याला विचारलं. दवाखान्यातलं माणूस चुकलो म्हणतं, हे दोघांनाही नवीन होतं. त्या गोंधळात नवऱ्यानं हातातली पिशवी खाली ठेवली आणि मी ती पायानंच खाटेखाली सरकवली.

चारपर्यंत थांबा, असं सांगितलं. ती खाटेच्या कडेला बसून राहिली, दाराकडे तोंड करून. दहाच्या सुमाराला मागच्या घरात कोणीतरी मिरच्यांची फोडणी दिली आणि खमंग ठसका वॉर्डभर पसरला. सगळ्या खाटा शिंकायला लागल्या. ती तेव्हा खिडकीपाशी उभी होती. तिला शिंक येतेय असं दिसलं आणि ती झटकन खाली बसली. खाटेचा लोखंडी पाय एका हातानं धरला, दुसऱ्या हातानं ओटीपोट दाबलं आणि मग शिंकली. शिंकून झाल्यावरही थोडा वेळ तशीच बसून राहिली, काही सरकलं तर नाही ना याचा अंदाज घेत.

मी जवळ गेले. "दरवेळी असंच?"

"हाव. शिंक आली की बसाव लागते. खोकला आला की बसाव लागते. लग्नात लोकं हसतात, तवा मी बसून घेते." हे तिनं तक्रार म्हणून नाही, रीत सांगावी तसं सांगितलं. मला भरून आलं आणि रागही आला. कोणाचा, ते कळेना. अकरा वर्षांत हिला कोणी एकदाही विचारलं नव्हतं की बाई, तू शिंकताना खाली का बसतेस.

दोनला माझी ड्यूटी संपली. पुढची सिस्टर आली, तिला सगळं सांगितलं आणि मी ऍप्रन काढून त्या बाईच्या खाटेपाशी स्टुलावर बसले. मावसबहिणीला फोन करून सांगितलं की जेवायला वाट पाहू नको. माझा डबाही उघडला नाही. तिला उपाशी ठेवून तिच्यासमोर भाकरी मोडणं जमलं नसतं, आणि दुसऱ्या खोलीत जाऊन खायचं तर डोळ्याआड ही पाणी पिते की काय ही भीती.

अर्ध्या तासानं तिच्या ते लक्षात आलं. "तुम्ही काऊन नाही जेवल्या?"

"माझा उपास हाय."

तिनं हळूच, इकडंतिकडं पाहून विचारलं, "तुमच्यात उपास असते?"

तुमच्यात. हा शब्द मी जन्मभर ऐकत आलेय आणि दरवेळी माझी मान ताठ होते. त्या दिवशीही झाली. पण विचारण्यात खोच नव्हती. म्हणून मी तिला आजीचं सांगितलं. निंदणाचं काम नसलं की चूल नाही, आणि चूल नाही त्या दिवशी आजी म्हणायची, आज उपास घडला.

ती ऐकत होती. नंतर छताकडे बघत म्हणाली, "माह्या मायचंही तसंच होतं. आम्ही पाच भावंडं. भाकरी कमी पडली की माय म्हणे, तुम्ही खा, मले आज गुरुवार हाय. मी लहान होती, मले खरं वाटे. शाळेत वार शिकवले तवा समजलं. आमच्या घरी हप्त्यातून तीन-तीन गुरुवार येत."

मला आधी हसू आलं आणि मग डोळ्यांत पाणी. तिचंही तेच झालं. हसता हसता तिनं ओटीपोट धरलं आणि म्हणाली, "हसवू नका बाई, हसलं की अंग येते." त्यावर आम्ही आणखीच हसलो. नवरा दाराबाहेरून डोकावून गेला. दोघी कशाला हसतायत हे त्याला कळलं नसावं, पण त्यानं खाटेखालची पिशवी ओढून पुन्हा तिच्या उशाशी नीट लावून ठेवली. तेव्हा मला खात्री पटली की हे थांबतात.

पावणेचार झाले, चार झाले. सव्वाचारलाही गाडी नाही. तिचे ओठ कोरडे पडले होते. मी कापूस ओला करून नुसते ओठ पुसून दिले. "रस्त्यात काही झालं असन," ती म्हणाली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. सकाळी दाराकडे बघत होती ती निघायला, आता बघत होती ते डॉक्टर येतात का म्हणून. साडेचारला फाटकात हॉर्न वाजला. भुलीचे डॉक्टर आत आले, हात धुतले आणि मला म्हणाले, "पेशंट आहे ना?" मग जाता जाता थांबले. "आणि सिस्टर, सकाळी मी जरा जास्तच बोललो." मी म्हणाले, "मी पण." तेवढ्यावर ते मिटलं.

ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी उशिरा तिला खाटेवर आणलं तेव्हा ती डोळे अर्धे मिटून पडली होती. मी दुसऱ्या दिवशी सकाळी तिला चमच्यानं पाणी पाजलं. पहिला चमचा घोटून म्हणाली, "उपास सुटला का?" मी म्हणाले, सुटला.

शुक्रवारी निघण्याआधी मी एका कोऱ्या कागदावर जाड पेननं लिहिलं: ऑपरेशनच्या दिवशी उपास नाही. काहीच खायचं नाही. साबुदाणा नाही, भगर नाही, केळं नाही, चहा नाही, पाणी नाही, मिसरी नाही. मॅडमनी तो वाचला, खाली स्वतःच्या हातानं "राजगिऱ्याचा लाडूही नाही" असं घातलं आणि वॉर्डच्या भिंतीला चिकटवायला सांगितला. या हॉस्पिटलचा फोन आता मला येणार नाही, असंच मी धरून चालले होते.

दीड महिन्यानं आला. मला बोलावलं होतं तीच तारीख त्या बाईच्या तपासणीची निघाली. मी वॉर्डात होते तर ती दारातून आत आली, नवी चप्पल, ताठ चाल. एकटी नव्हती. मागं तिच्याच गावची एक बाई होती, पदर तोंडावर ओढलेली, भिंतीकडे पाहणारी. मी काही विचारायच्या आधी तीच त्या बाईला भिंतीवरचा कागद दाखवून सांगायला लागली, "हे पाह्य. उपास नाही धराचा, उपाशी राह्याचं. साबुदाणा खाल्ला तर ढेकर येते आणि या बाईले समजते." त्या दुसऱ्या बाईनं पदर थोडा खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

मॅडमनी तपासलं. सगळं छान भरून आलं होतं. नवरा औषधाची पिशवी घेऊन पुढं झाला, ती मला "येते बाई" म्हणाली आणि दारापाशी पोचली. तिथं तिला शिंक आली. माझा हात आपोआप पुढं गेला. ती शिंकली, मोठ्यानं, उभ्यानं, दोन्ही हात मोकळे.

नवरा पायरीवर थांबला. आमच्याकडे निघताना कोणी शिंकलं की घडीभर बसून मगच पाऊल बाहेर टाकतात. "बस जरा," तो म्हणाला. "शिंकली तू. बसून निघू."

"अकरा वर्सं शिंक आली की बसलीच ना मी," ती म्हणाली. "आता नाही बसत."

आणि पायऱ्या उतरून ती त्याच्या पुढं चालायला लागली.